बाही हातमोज्यावर

कोकणात कसली आलीय थंडी, असं विचारणारे
एसटीची काच ओढून घेऊन विचारतात.
पालशेतच्या उतारावर, श्रावणात सकाळी सहाला,
ओल्या कोपराला पन्नासचा वेग लागला
की कळतं, कसली ते.

म्हणून आधी पेपर.
कालचा. मधली पानं, चार पदरी,
कुडत्याच्या आत, छातीवर सपाट.
मग भावाचा स्वेटर, कोपरात विरलेला.
मग रेनकोट, पुरुषी मापाचा,
कारण बायकांच्या रेनकोटला फुलं असतात
आणि शिवणीशिवणीतून पाणी.
मफलर नाही. मफलर म्हणजे वात,
बाहेरचा पाऊस शोषून गळ्यातून आत सोडते.

पायमोजांवर कापडदुकानाच्या पिशव्या,
पिशव्यांना रबर, मग गमबूट.
'लग्नाचा बस्ता आमच्याकडेच'
असं माझ्या दोन्ही घोट्यांवर लिहिलेलं असतं,
ते कुणी वाचत नाही म्हणून बरं.

हातात लॅबचे पातळ मोजे,
त्यांवर लोकरीचे, त्यांवर भांडी घासायचे रबरी.
तीन थरांतून किल्ली फिरत नाही.
तेव्हा किल्ली आधी.
हे एक मी माझं शिकले,
अंगणात पाच वेळा काढघाल करून.
बाकी सगळं दामू घागांचं.

अठरा वर्षं त्यांनी हीच गाडी हाकली,
हेदवी, वेळणेश्वर, पालशेत, शृंगारतळी,
मागे हाच निळा डबा.
डब्याचेही कपडे असतात:
आत बर्फाच्या पिशव्या, भोवती थर्माकोल,
वर ताडपत्री, तिच्यावर सायकलची ट्यूब करकचून.
डब्यातलं थंड राहायला हवं,
डब्यापुढचं गरम.
दोन्हीकडे रक्तच.

आज यादीत सातवं नाव त्यांचं होतं.

पडवीत बसले होते, घोंगडीत,
पाय सुजून चपलेत न मावणारे.
हात पुढे करायच्या आधी
त्यांनी मला खालून वर बघितलं,
गाडी सर्व्हिसिंगहून आल्यावर बघायचे तसं.
"बाही आत खुपसलीस गो?"
आत होती. घाई झाली होती.
"हातमोज्यात बाही घातलीस तर मोजा म्हणजे तांब्या.
बाही वर. पाणी बाहेर जातं, आपल्या वाटेनं."

मी मोजे उतरवले, एक, दोन,
तिसरे नवे चढवले.
शीर सापडेना. पूर्वी दोरीसारखी होती म्हणे,
आता पावसातल्या पायवाटेसारखी,
आहे म्हणायची आणि पाय ठेवून बघायचं.
दुसऱ्यांदा लागली.
एक जांभळ्या टोपणाची, एक लाल.
लाल कशासाठी, ते दोघांनाही ठाऊक होतं,
म्हणून कोणी काढलं नाही.

कापूस दाबून धरायचा तो हात
त्यांनी माझ्या मनगटाकडे आणला.
एका हाताने मी त्यांचा कापूस धरला,
आणि ते माझी बाही मोज्यावर ओढत राहिले,
सावकाश, सुरकुती काढत,
मग रबर. मग दुसरा हात.
वहिनी चहा घेऊन उंबऱ्यात थांबल्या होत्या,
बोलल्या नाहीत.

"जा आता. आणि माझं भिजवू नकोस."

मोडकाआगरच्या पुलावर वारा आडवा आला.
गाडी हातभर सरकली, परत आली.
हेल्मेटची काच आतून धुरकट,
अंगठ्याने पुसावी तर रबर नुसतंच फिरतं.
मागे डबा एकदा डचमळला
आणि मी, कधी नव्हे ते, वेग चाळीसवर आणला.

शृंगारतळीला नऊला पोचले.
आधी डब्याचे कपडे काढले, मग माझे.
पेपर छातीला चिकटलेला, सोलून काढला.
आरशात बघितलं तर कातडीवर
शाईचा एक रकाना, आरशात सुलटा झालेला:
समुद्र खवळलेला राहील,
मच्छीमारांनी बाहेर पडू नये.

मनगटं मात्र कोरडी. दोन्ही.
हाताच्या पाठीवर रबराचा वळ,
तो दुपारपर्यंत जातो.
त्यांचा रिपोर्ट संध्याकाळी.
रेनकोट उलटा करून पंख्याखाली टांगलाय,
बाह्या खाली, थेंब थेंब.